स्वित्झर्लंडची मेंढरं

इंदापूर,
१४ एप्रिल १९५७

कुंडलिक,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात, तो लिहिला असं समज आणि पुढे वाच.

तुमच्या बारामतीच्या श्रोता मंडळाचं पत्रक माझ्या हातात आहे. आमच्या शाळेतल्या द्वारकाबाई पाडव्याला माहेरी गेल्या होत्या, त्यांनी येताना आणलं. "रतनबाई, तुमच्या आतेभावाचं नाव छापून आलंय," असं म्हणत मधल्या सुट्टीत त्यांनी ते सगळ्या शिक्षकांना मोठ्याने वाचून दाखवलं. युरोपातले देश गेल्या वर्षापासून म्हणे गाण्यांची चढाओढ खेळतात, ज्याने त्याने आपापल्या देशाची गाणी पाठवायची. त्यात आपल्याला कोण विचारतंय! म्हणून तुम्ही हौशी मंडळींनी ठरवलं, की त्यांनी पाठवली ती गाणी राहू देत, त्यांनी कोणती पाठवायला हवी होती ती आपण मराठीत रचू. चिठ्ठीत जो देश निघेल त्याचा वकील व्हायचं, गाणं करायचं, पाडव्याला मोहनरावांच्या मळ्यात सगळ्यांपुढे म्हणायचं आणि बाकीच्या वकिलांनी आणि पाहुण्या परीक्षकांनी मतं द्यायची. आम्हाला भारी मजा वाटली. लक्झेंबर्गच्या वकिलाने त्या देशात ऊस पिकवला, हे ऐकून तर हेडमास्तरही हसले.

मग द्वारकाबाई शेवटच्या पानावर आल्या. "पहिला क्रमांक, चांदीचा पेला. देश स्वित्झर्लंड. वकील श्री. कुंडलिकराव, कालवा कचेरी. कवीने हे गीत आपल्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ रचले आहे."

कैलासवासी मातोश्री या घटकेला माझ्या ओट्यावर बसून लोकर कातताहेत. सकाळी दोन भाकरी आणि कांदा खाल्ला, गुडघा दुखतो म्हणून माझ्याकडून तेल चोळून घेतलं. तुझा बाप गेल्यावर आत्या माझ्याकडे राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तू तीनदा आलास, आणि तिन्ही वेळा अंधार पडल्यावर. तेव्हा नाही कळलं, आज कळलं.

आणि गाणं? "कुणाची ही कोकरे गिरीवरी पांगली, कुणाच्या बाळाला निद्रा हिमात लागली." अरे, आत्याच्या ओवीत बाळ कांबळ्यात झोपलंय. तू ते नेऊन बर्फात झोपवलंस, ते मरेल ना रे! मेंढरांची कोकरं केलीस, माळाचा गिरी केलास आणि खाली स्वतःचं नाव घातलंस. मेंढक्याचा पोरगा म्हणवून घ्यायची लाज वाटते, पण मेंढका स्वित्झर्लंडचा असला की पेला घ्यायला पुढे!

मला फार काही नको. पुढच्या पत्रकात दोन ओळी छाप. गाणं साखरबाईचं आहे, आणि साखरबाई जिवंत आहे. नाही छापलंस तर मी काय करीन ते अजून मलाही ठाऊक नाही, पण केल्याशिवाय राहणार नाही.

रतन


बारामती,
२८ एप्रिल १९५७

चि. रतन हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. तुझा संताप समजू शकतो. तरी शांतपणे ऐकून घे.

माझे लग्न जमत होते तेव्हा चंद्राबाईच्या वडिलांनी, मोहनरावांनी विचारले, घरी कोण कोण आहे. त्यांचा चाळीस एकरांचा भाजीपाल्याचा आणि फळांचा मळा, दारात जीप, तालुक्यात शब्दाला वजन. मी म्हणालो, आईवडील नाहीत. वडील नव्हतेच. आईबद्दल तोंडातून निघून गेले. एकदा गेलेला शब्द परत कसा घेणार? मोहनराव मंडळाचे अध्यक्ष आहेत. पत्रकातला तो मजकूर त्यांनी आपल्या हाताने लिहिला, मला न विचारता, मला बरे वाटावे म्हणून. आता तो खोडायला सांगायचा म्हणजे माझ्या संसारावर कुऱ्हाड घालण्यासारखे आहे. चंद्राबाई मनाने हळवी आहे. तिला हे सोसणार नाही.

गाण्याचे म्हणशील तर आईने गुणगुणलेल्या चार ओळी ही कच्ची लोकर होती. तिचे वस्त्र मी विणले. आलेल्या पाहुण्या परीक्षकांनी काय म्हटले ठाऊक आहे? या गीतात नुसते प्रश्न आहेत, एकाचेही उत्तर नाही, हेच त्यातले गूढ. ही दृष्टी आईची नव्हे, कवीची आहे.

आणखी एक गोष्ट, लिहू नये पण लिहितो. आपल्या दोघांचे लहानपणी मोठ्यांनी ठरवून ठेवले होते. ते मी मोडले, याचा सल तुझ्या मनात आहे. तुझा राग सगळाच आईसाठी आहे असे तूही समजू नकोस.

आईसाठी एक इरकली लुगडे पाठवत आहे. पत्रकातले तिला काही सांगू नकोस. तिला वाचता येत नाही ही देवाची कृपाच समज.

तुझा,
कुंडलिक


इंदापूर,
३ ऑगस्ट १९५७

प्रिय कुंडलिक यास नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. शाळेच्या परीक्षा, मग सुट्टी, मग नव्या वर्गाची गडबड. राग निवायलाही थोडे दिवस लागतात.

लुगडं आत्याला फार आवडलं. कुंडलिकने दिलं म्हटल्यावर दोन दिवस तेच नेसून दारात बसली. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून पदर सारखा सारखा करत होती. तू सांगितलंस तसं मी पत्रकाबद्दल तिला अक्षरही बोलले नाही.

तुझ्या पत्रावर मी पुष्कळ विचार केला. तू म्हणतोस त्यात तथ्य आहे. झालं ते झालं, त्यावरून तुझ्या बायकोच्या सुखात माती कशाला कालवायची? आणि दुसरं जे लिहिलंस, तेही अगदीच खोटं नाही. मी ते कबूल केलं, आता तूही तो विषय पुन्हा काढू नकोस.

माझं एक मागणं आहे. तुमच्या पुढच्या पाडव्याच्या चढाओढीत मलाही एखादा देश दे ना. भूगोल मी शिकवतेच. बायकांना घेत नाही असा नियम पत्रकात तरी दिसला नाही.

तुझी,
रतन


बारामती,
९ जानेवारी १९५८

चि. रतन हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्राने माझ्या मनावरचे केवढे ओझे उतरले म्हणून सांगू! तू समंजस आहेस हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. मोहनरावांना तुझ्याविषयी सांगितले. "मास्तरीणबाई येनार म्हंजी मंडळाची शोभा वाढली," म्हणाले. मामाची मुलगी एवढेच सांगितले आहे, बाकीचे काही नाही. ते तूही सांभाळशील.

चिठ्ठ्या काल झाल्या. तुला डेन्मार्क निघाला आहे. मला यंदा इटली. नियम गेल्या वर्षीचेच. गाणे स्वतः रचायचे, स्वतः म्हणायचे, आपल्या देशाला मत द्यायचे नाही. एक नियम नवा केला आहे. ज्याच्याकडे पेला आहे त्याने आपले गाजलेले गाणे आधी म्हणायचे आणि मग चढाओढ सुरू करायची. म्हणजे सुरुवात माझ्या स्वित्झर्लंडनेच होणार. मोहनराव त्याआधी दोन शब्द बोलतील.

शेवटचे पण महत्त्वाचे. आईला आणू नकोस. तू आता समजूतदारपणे वागते आहेस, तेव्हा अधिक लिहीत नाही.

तुझा,
कुंडलिक


इंदापूर,
१८ फेब्रुवारी १९५८

प्रिय कुंडलिक,

डेन्मार्क मिळाला, छान झालं. त्या देशात गाई भरपूर आणि लोणी त्याहून भरपूर, असं पुस्तकात दिलंय. मी ताक घुसळायचं गाणं करते आहे. तुझ्या पेल्याला धक्का लागायचा नाही, काळजी करू नकोस.

आत्याला मी कशाला आणते? तिला एस.टी. लागते. निमगावपर्यंत जायचं म्हटलं तरी लिंबू घेऊन बसते. आमच्याकडच्या तीन-चार बाया मात्र हौसेने येणार आहेत, त्यांना गाणी ऐकायची आहेत. बायकांच्या बाजूला पुढची जागा ठेवायला सांग.

रतन


इंदापूर,
२० फेब्रुवारी १९५८

तानूबाईमावशीस रतनचा नमस्कार.

हे पत्र जो कुणी वाचून दाखवील त्याने सावकाश वाचावं.

मावशी, आत्या आणि तू जात्यावर बसायचात ते मला आठवतं. आत्या विचारायची आणि तू सांगायचीस. ती म्हणायची,

कुणाची गं मेंढरं माळावरी पांगली
कुणाच्या गं बाळाला झोप कांबळ्यात लागली

आणि तू खुंट्याला हात घालून वरच्या पट्टीत उत्तर द्यायचीस,

साखरबाईची मेंढरं माळावरी पांगली
कुंडलिक बाळाला झोप कांबळ्यात लागली

कुंडलिकने आत्याचे प्रश्न तेवढे उचलले आणि बारामतीत स्वतःचे म्हणून म्हटले. उत्तरं त्याने सोडून दिली, कारण उत्तरात नावं आहेत. पाडव्याला तो ते पुन्हा म्हणणार आहे. तू माझ्याबरोबर ये. आत्यालाही आणते आहे. त्याने प्रश्न विचारला, की तू जात्यावर बसली आहेस असं समजून उत्तर दे. तुझा आवाज त्याच्या पेटीला ऐकायचा नाही. एवढं केलंस की पुढचं मी बघून घेईन.

आत्याला यातलं काही बोलू नकोस. लेक गाणार आहे आणि त्याने बोलावलंय, एवढंच तिला माहीत आहे.

रतन


बारामती,
२४ मार्च १९५८

रतन,

आशीर्वाद लिहिण्याची इच्छा नाही.

तू गोड बोलून गळा कापायला आली होतीस. मोहनरावांनी भाषणात "आमच्या जावयांच्या कैलासवासी मातोश्री" म्हटले आणि मी पेटी ओढली. पहिल्या प्रश्नाचा शेवट होतो न होतो तोच बायकांमधून तानूबाईचा आवाज उठला. साखरबाईची मेंढरं! कुंडलिक बाळाला! माझी बोटे पट्ट्यांवरच राहिली. लोकांना वाटले हे मीच योजलेले आहे. तुडुंब टाळ्या पडल्या. परीक्षकसुद्धा "वाहवा" म्हणाले. मोहनराव हसत उठले आणि म्हणाले, "आरं, झ्याक की! पर ही साखरबाई कोन म्हनायची?"

तिथे तू गप्प बसली असतीस तरी निभावले असते. पण तू दोनशे लोकांदेखत आईचा दंड धरून तिला उभी केलीस आणि म्हणालीस, "ही घ्या तुमची कैलासवासी."

मोहनराव तिच्यासमोर गेले. "बाई, आमचं जावई तुमचं कोन लागत्यात?" आई माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी खाली पेटीकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "कुनी न्हाय बाबा. माझा कुंडलिक ल्हानपनीच गेला. ह्यो सायेब येगळा हाय."

रतन, तू मला मारायला आणलेल्या हत्याराने माझे रक्षण केले. आई ती आईच. मोहनरावांचे डोळे भरून आले. "नाव सारखं म्हून पोराची याद आली बिचारीला," म्हणाले, आणि तिला चहा आणि खुर्ची द्यायला लावली. तू पोरकट थट्टा करणारी बाई ठरलीस. डेन्मार्कचे नाव पुकारले तेव्हा तू मांडवात नव्हतीस.

आईला माझा नमस्कार सांग. तिचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, हे तिला जरूर सांग.

कुंडलिक


इंदापूर,
२ एप्रिल १९५८

कुंडलिक,

नमस्कार नाहीच, तो बारामतीच्या स्टँडवर टाकून आले.

गोड बोलून गळा कापायला आले होते, हे खरंच आहे. तुझ्याकडूनच शिकले. पहिलं पत्र मी उघड रागाने लिहिलं होतं, तेव्हा तू मला शहाणपण शिकवलंस. मग मी शहाणी झाले. आठ महिने हसून पत्रं लिहिली, प्रत्येक ओळ लिहिताना दात आवळून बसत होते. मला तुझं तोंड पाहायचं होतं, सासऱ्यापुढे, पेल्यापुढे, त्या परीक्षकांपुढे, त्यांच्या गूढ प्रश्नाला उत्तर मिळताना. ते पाहिलं. चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. त्या एका क्षणासाठी मी पुन्हा आठ महिने घालवीन.

पण आत्याने तुला सोडवलं. त्याचा मला असा संताप आला की येताना एस.टी.त मी तिच्याशी बोलले नाही. निमगाव गेलं तेव्हा लक्षात आलं, की तीही बोलत नाही. लिंबू नाकाला लावलं नव्हतं, हातात नुसतं धरलं होतं.

आता जे लिहिते ते तुझ्यासाठी नाही, माझ्या मनाला बोचतं म्हणून लिहिते. तिला तू मेलेली ठरवलंयस हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती आलीच नसती. म्हणून तिला तसंच घेऊन गेले. ती तुझं इरकली लुगडं नेसून आली होती, कुंडलिक. तुला दिसलं असेल, की तेही पेटीमुळे दिसलं नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कांबळं खांद्यावर टाकलं आणि लोणी देवकरजवळ आबाजी मेंढक्याच्या वस्तीवर गेली. मेंढरं बघून येते म्हणाली. अजून आली नाही. तुझ्यासाठी खोटं बोलून तिला शरमेने माझ्यासमोर बसवत नसेल, दुसरं काय.

पण तू सुटलास असं समजू नकोस. मोहनरावांना सगळं लिहून ठेवलंय. चार पानं झाली आहेत. तुझी पत्रंही सोबत जोडली आहेत, त्यातलं ते "तोंडातून निघून गेले" खाली रेघ मारून. पाकीट फळीवर ठेवलंय. जरा मन घट्ट झालं की पोस्टात टाकते.

रतन


बारामती,
२० मे १९५८

चि. रतन हिस अनेक आशीर्वाद.

मागचे सगळे विसरून हे पत्र वाच. मला मुलगा झाला. चंद्राबाई मोहनरावांकडेच आहे, बाळबाळंतीण सुखरूप आहेत. बाळ अगदी माझ्या आईच्या वळणावर गेले आहे, तेच रुंद कपाळ. पाहिले आणि मला कसेतरीच झाले.

तेव्हापासून विचार करतो आहे. आईने मांडवात माझ्यासाठी जे केले त्याची थोडी तरी फेड व्हावी. मला एक मार्ग सुचला आहे. बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला मोहनराव बाई शोधत आहेत. मी म्हणालो, पाडव्याला गाणी ऐकायला आलेली ती इंदापूरकडची म्हातारी हाताला चांगली आहे. त्यांना ती चटकन आठवली. "आना की बिचारीला. तिचा पोरगा गेलाय, लेकरावर जीव लावंल," म्हणाले. तू तिला एस.टी.त बसवून दे. मागे गोठ्याजवळ एक खोली आहे, जेवणखाण तिथेच. दोन महिने ती नातवाला रोज पायांवर घेईल, अंगाला तेल लावेल, पाहिजे तितक्या ओव्या म्हणेल. कुणाला काही कळायचे कारण नाही. तिला फक्त त्या घरात माझ्याशी "अहोजाहो" करावी लागेल, एवढे तिने समजून घ्यावे.

बघ, सगळ्यांच्या मनासारखे होते आहे. आता तरी ते फळीवरचे पाकीट फाडून टाक. ते पोस्टात टाकलेस तर माझेच नव्हे, आईचेही नुकसान होईल. तिला नातू दिसणार नाही.

हे पत्र आबाजीच्या वस्तीवर जाऊन आईला स्वतः वाचून दाखव.

तुझा,
कुंडलिक


लोणी देवकरजवळ आबाजीची वस्ती,
८ जून १९५८

लिहिणार आबाजी. बाई सांगते तसं लिहितो, माझ्या पदरचं काही घालत नाही.

बारामतीच्या सायबाला साखरबाईचं सांगनं.

रतन आली हुती. तुजं पत्र वाचून दावलं. वाचताना रडली. मंग तिनं फळीवरचं पाकीट बी दावलं, म्हनली आता टाकतेच. म्या तिच्या हातनं घेतलं आन चुलीत घातलं. तुला वाचवाया न्हवं. मेल्याल्या मानसाची चुगली सासऱ्याला कशापायी करायची?

रतनला म्या सांगून टाकलंय, आता मी तिच्या घरी ऱ्हानार न्हाय. तिचा तुज्यावर राग हुता तर तिनं तुज्याशी भांडायचं. मला कोर्टात साक्षीला न्यावं तसं न्हेलं, आन काय व्हनार ते सांगितलं न्हाय. मी लेकाचं गानं ऐकाया चालले हुते. रतन पाया पडली. म्या पाय मागं घेतले. पुढं कवा राग गेला तर बगीन.

आता तुजं. कैलासवासी म्हंजी काय ते मला ठावं न्हवतं. मोहनराव बोलले तवा शेजारच्या बाईला इचारलं. ती म्हनली, मेल्याली. म्या तानूला गप म्हनस्तोवर तिचा आवाज सुटला हुता. मंग रतननं मला हुबी केली आन मोहनरावांनी इचारलं. म्या तुज्याकडं बगितलं. मला वाटलं तू आता उठशील. शिवी दिली आसतीस, म्हातारे हितं कशाला आलीस म्हनला आसतास, तरी चाललं आसतं. आईला शिवी देनारा ल्योक ल्योकच आसतो. मी लई येळ थांबले. तू मान वर केली न्हाईस. तवा मला कळलं की माजा कुंडलिक न्हाय ऱ्हायला, आन मी त्येच बोलले. तुला वाटलं आई खोटं बोलली. मी जल्मात खोटं बोलले न्हाय, तितं बी न्हाय.

नातवाला न्हाऊ घालाया बोलावलंस. मेल्याली बाई न्हाऊ घालाया येत न्हाय. गोठ्याजवळच्या खोलीत दुसरी कुनी जिती बाई ठिव. लेकराला माजा आशीर्वाद हाय, त्येनं काय केलंय. गानं तुला ठिव. तुज्याकडं निस्तं सवाल हायती, उत्तर आमच्याकडं हाय. तानूच्या नातीला, म्हाळसाला, आता आमी त्येच म्हनून निजिवतो. नाव तिचं घालतो, बसतं बराबर.

लुगडं आबाजीच्या सुनंला दिलं.

पाडव्यापास्नं धाव्या दिशी म्या आबाजीला घिऊन नदीवर गेले. बाईमानसानं जाऊ न्हाय म्हनत्यात, म्या गेले. आबाजीनं तुज्या नावानं समदं क्येलं. भाताचा पिंड मांडला आन आमी बाजूला जाऊन बसलो. मानसाचा जीव मागं कुनात आडकला आसंल तर कावळा शिवत न्हाय, ह्ये तुला बी ठावं हाय. तुजा बाप गेला तवा दुपारपातूर शिवला न्हवता. मी हात जोडून म्हनले हुते, मेंढरं सांबाळीन, तवा शिवला. तुज्या येळंला बी म्या मनात धरून ठिवलं हुतं. कावळा न्हाय शिवला तर म्हननार हुते, बाळा, परत ये, मी काय बी धरनार न्हाय. पर आबाजी पाठ फिरवून दोन पावलं आला न्हाय तवर कावळा शिवला. मला बोलायची पाळीच आली न्हाय.